रेघ नाही, काटा नाही!

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. अंबडला माझ्या पुतण्याचे लेथचे छोटेसे दुकान आहे. एका शेतकऱ्याच्या पंपाचा शाफ्ट तो कातत होता. बेअरिंगची जागा २५ मिलिमीटर हवी. केसभर जास्त कातली गेली, तर शाफ्ट फुकट! आणि नेमका त्याच वेळी हातातला आकडेवाला कॅलिपर दर खेपेस निराळे माप सांगू लागला.

“काका, भूत शिरलंय यात!”

भूत कसले! १६३१ साली पिअर व्हर्निए याने दाखवलेल्या पट्टीवर रेघा डोळ्यांनी जुळवाव्या लागतात. या कॅलिपरला ना रेघ, ना काटा. लांब पट्टीवरच्या आवरणाखाली तांब्याच्या चिमुकल्या पट्ट्यांची ओळ असते. सरकत्या भागाच्या पोटाशीही तशीच. दोन्ही ओळी एकमेकींना शिवत नाहीत. सरकत्या ओळीतल्या पट्ट्यांना एकापाठोपाठ एक विजेचे ठोके मिळतात. ते मधल्या फटीतून समोरच्या पट्ट्यांत उमटतात आणि तेथून परततात. कोणती पट्टी कोणासमोर किती आली, त्याप्रमाणे परतलेले ठोके पुढेमागे होतात. त्यावरून आतली चिप जागा ओळखते; ओलांडलेली घरेही मोजते.

पण विजेचा हा प्रभाव हवेपेक्षा पाण्यात सुमारे ८० पट. फटीत ओल शिरली, की हिशेब चुकलाच!

आम्ही कॅलिपर पुसून नीट वाळवला, जबडे मिटले. शून्य! शाफ्ट वाचला. आता शून्य पाहिल्याशिवाय पुतण्या लेथ सुरू करीत नाही.