खोलवरचे नाणे

उर्दूत आपण ज्याला सिक्का म्हणतो, त्याला मराठीत 'नाणे' म्हणतात. जमिनीत पुरलेल्या दफीन्याला 'गुप्तधन' म्हणतात. हे दोन शब्द लक्षात ठेवा. आजच्या पाठात त्यांचे काम पडणार आहे.

धरमपेठेत राहणारा माझा एक विद्यार्थी एकदा तांब्याचे एक जुने नाणे घेऊन वर्गात आला. त्याच्या मामूंकडे धातुशोधक यंत्र, म्हणजेच मेटल डिटेक्टर आहे. घराच्या अंगणात ते फिरवताना त्याला खिळे, बाटल्यांची झाकणे, स्टीलचे रुपये आणि हे एक नाणे सापडले होते. त्याने ते चिंच आणि राख लावून लख्ख घासले होते. घासता घासता त्यावरचे साल पुसून गेले होते. तो म्हणाला, "सर, हे यंत्र वीतभर खोलीपर्यंतच ओळखते. माझ्याकडे साठवलेले पैसे आहेत. आणखी खोल जाणारे यंत्र कोणते घेऊ?"

त्याला मी जे सांगितले, तेच तुम्हालाही सांगतो.

प्रथम हे यंत्र कसे चालते ते पाहू. दांड्याच्या खालच्या टोकाला एक गोल तबकडी असते. तिच्या आत तांब्याच्या तारेची गुंडाळी असते. गुंडाळीतील विजेचा प्रवाह सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलतो. त्यामुळे तिच्याभोवती बदलते चुंबकीय क्षेत्र तयार होते. ते क्षेत्र जमिनीत शिरते. वाटेत धातू आला, तर त्या धातूत लहानसा विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि त्याचे स्वतःचे क्षीण चुंबकीय क्षेत्र तयार होते. यंत्र ते ओळखते आणि आवाज करते.

ही युक्ती जुनी आहे. 1881 साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांना गोळी लागली. टेलिफोनचे संशोधक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी अशाच यंत्राने त्यांच्या शरीरातील गोळी शोधण्याचा प्रयत्न केला. परंतु गादीतील लोखंडी स्प्रिंगांमुळे यंत्राचा गोंधळ झाला. गोळी सापडली नाही. यंत्र कितीही हुशार असले, तरी भोवतालचा धातू त्याला चकवू शकतो, हे त्यावरून कळते.

आता खोलीचा प्रश्न घेऊ. मोठी तबकडी लावली, तर यंत्र थोडे अधिक खोल ओळखते, हे खरे आहे. पण तबकडी दुप्पट केली म्हणजे खोलीही दुप्पट होते असे नाही. नाणे तबकडीच्या मानाने दूर असेल, तर गणित असे होते: अंतर दुप्पट झाले की नाण्यापर्यंत पोचणारे क्षेत्र 8 पट क्षीण होते. परत येणारा इशाराही 8 पट क्षीण होतो. 8 गुणिले 8, म्हणजे एकूण 64 पट! शिवाय मोठ्या तबकडीखाली नाणे आणि शेजारचा खिळा एकदमच येतात. मग त्यांचे इशारे एकमेकांत मिसळतात आणि बारीक नाणे हातचे जाते.

दुसरी अडचण आपल्या जमिनीची आहे. विदर्भातील काळी माती काळ्या पाषाणाची झीज होऊन बनली आहे. या दगडात लोहाची खनिजे असतात. त्यामुळे नाणे नसतानाही यंत्र कुरकुरते. म्हणून आपल्याकडे यंत्र निवडताना आधी एक सोय पाहावी: त्या त्या जमिनीशी यंत्राचा मेळ घालून मातीचा आवाज बंद करता येतो का? ही सोय नसेल, तर मोठ्या तबकडीवर केलेला खर्च वाया जाईल. संवेदनक्षमतेचे बटण शेवटपर्यंत फिरवण्यानेही फायदा होत नाही. उलट गोंगाट वाढतो.

आहे त्या यंत्रातूनही पुष्कळ काम घेता येते. तबकडी जमिनीलगत ठेवा. ती सावकाश फिरवा. कानांना हेडफोन लावा, म्हणजे खोलवरच्या नाण्याचा अगदी हलका आवाजही ऐकू येईल.

पण मुलांनो, खरा प्रश्न पुढेच आहे. खोलवर नाणे सापडलेच, तर काय करायचे?

1939 साली त्या वेळच्या अकोला जिल्ह्यातील तऱ्हाळा या गावी सातवाहन राजांच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. हे गाव आता वाशीम जिल्ह्यात आहे. नागपूरचे थोर संशोधक वा. वि. मिराशी यांनी त्या नाण्यांचा अभ्यास केला. पुराणांतील यादीत नसलेल्या काही राजांची नावे त्या नाण्यांवर मिळाली. ती नाणी कुणी एकेक करून विकली असती, किंवा चिंचेने घासली असती, तर ते राजे आपल्याला कळले असते का?

नाणे ज्या थरात असते, त्या थराचे वय ते सांगते. घाईने उपसलेले नाणे हातात येते, पण त्याची साक्ष मातीतच राहते.

याबाबत कायदाही आहे. 1878 च्या गुप्तधन कायद्याप्रमाणे जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. अंगण आपले असले तरीही! न कळवणाऱ्याचा वाटा जातो आणि त्याला शिक्षाही होऊ शकते. संरक्षित प्राचीन स्थळी तर परवानगीशिवाय खोदणे हाच गुन्हा आहे.

एवढे ऐकून तो मुलगा थोडा वेळ गप्प राहिला. नंतर त्याने पुसट झालेले ते नाणे उजेडात धरले आणि विचारले, "सर, यावरचे साल आता परत नाही ना येणार?"

"नाही," मी म्हणालो.

त्याने मोठी तबकडी घेतली नाही. एक हेडफोन, एक फूटपट्टी आणि एक वही घेतली. आता अंगणात काही सापडले, की तो जागा, खोली आणि तारीख वहीत लिहितो. वस्तू जशी असेल तशीच, मातीसकट, कागदात गुंडाळतो आणि मामूंना दाखवतो.

नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयाला लोक 'अजब बंगला' म्हणतात. ते 1863 साली स्थापन झाले. तिथे गेलात, तर प्रत्येक जुन्या वस्तूजवळ थांबा आणि मनात विचारा: ही कुठे, किती खोल आणि कोणत्या वस्तूंच्या सोबतीने सापडली असेल?