घर आधी, संस्था शेवटी : बाल न्याय कायद्याचं कलम ३

मागच्या व्याख्यानात आपण बालकल्याण समितीची रचना पाहिली. एक अध्यक्ष, चार सदस्य, आणि मूल सापडल्यावर प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत त्याला समितीपुढे आणण्याचं बंधन. आजचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. मूल समोर आल्यावर समितीने विचार कुठून सुरू करायचा?

बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ याच्या कलम ३ मध्ये १६ तत्त्वं दिली आहेत. प्रतिष्ठा, गोपनीयता, समानता, मुलाचं सर्वोत्तम हित वगैरे. सगळी आज घेणार नाही. एकाशीच थांबू, कारण आमच्या मते जास्त गफलत तिथेच होते : वाजवी चौकशी केल्यानंतर, शेवटचा उपाय म्हणूनच मुलाला संस्थेत ठेवायचं.

समजा, नऊ वर्षांची एक मुलगी आहे. आईवडील ऊसतोडीला गेलेत, ती गावी आजीजवळ. आजी अंथरुणाला खिळली. मुलीची शाळा सुटली आणि ती एसटी स्टँडवर शेंगा विकायला लागली. कुणीतरी १०९८ वर फोन केला. फोन करणाऱ्याचं काही चुकलं नाही. पण आता फाइलवर 'पालक सांभाळण्यास असमर्थ' असं एक वाक्य लिहिलं, की बालगृहाचा आदेश तयार! दोन वेळचं जेवण, कपडे, शाळा, सगळं मिळेल. मग बिघडलं कुठे?

बिघडलं ते असं, की तिची अडचण गरिबीची होती आणि आपण तिचं घरच काढून घेतलं. याच कलमात मुलाच्या संगोपनाची पहिली जबाबदारी कुटुंबाची मानली आहे. सामाजिक तपासणी १५ दिवसांत पुरी करायची असते, आणि अंतिम आदेश पहिल्या हजेरीपासून चार महिन्यांत. त्या १५ दिवसांत विचारायला हवं : मावशी, काका कुणी आहे का? आईशी फोनवर बोललात का? गावात हंगामी वसतिगृह चालू आहे का? बालसंगोपन योजनेचा अर्ज भरता येईल का? कलम ३७ नुसार समितीला देखरेखीसह मूल पालकांकडे परत देता येतं, प्रायोजकत्वाचा आदेशही काढता येतो. बालगृह हा अनेकांतला एक पर्याय आहे.

आणि मुलीला विचारलं का? सहभाग हेही तत्त्वच आहे. ती म्हणेल तेच करायचं असं नाही. वय आणि समज पाहून तिच्या म्हणण्याला वजन द्यायचं. कधी मूल मान खाली घालून सांगतं, 'मला घरी नाही जायचं.' घरातच मारहाण किंवा अत्याचार असेल तर सुरक्षिततेचं तत्त्व पुढे येतं, आणि तिथे बालगृहाला आमचा अजिबात विरोध नाही.

जाता जाता एक. अशा मुलीलाही लोक सर्रास 'रिमांड होममध्ये टाकली' म्हणतात. तिने गुन्हा काय केला? कलंक लावणारे, आरोप करणारे शब्द वापरू नयेत, हेसुद्धा याच १६ तत्त्वांत आहे.

तेव्हा असा आदेश हाती आला, तर 'बालगृहात दाखल करावे' या ओळीच्या आधीचा मजकूर वाचा. आजीचा, मावशीचा उल्लेख तिथे कुठे सापडतो का, ते पाहा.