डाग नसलेले मांजर

गजकर्णाच्या नावात हत्ती आहे, 'रिंगवर्म' या इंग्रजी नावात किडा. रोगात दोन्ही नाहीत, तो बुरशीचा. मांजरांत ही बुरशी बहुधा मायक्रोस्पोरम कॅनिस असते. 'कॅनिस' म्हणजे कुत्र्याची, पण तिचे खरे माहेर मांजराचे अंग.

घरात चार मांजरे असतील आणि एकाच्या कानामागचे केस गेले, तर औषध त्या एकालाच दिले जाते. घोटाळा इथेच होतो. दुसऱ्या एखाद्याच्या अंगावर एकही डाग नसतो, तरी केसांत बीजाणू असतात. ते दिसत नाहीत. १९२५ साली फ्रान्समधील डॉक्टरांनी वुडच्या दिव्याखाली रोगट केस हिरवे चमकतात हे दाखवले. पण चमक नाही म्हणजे रोग नाही, असे म्हणता येत नाही. त्यापेक्षा साधी युक्ती टूथब्रशाची. प्रत्येक मांजरासाठी नवा ब्रश घ्यायचा, सगळ्या अंगावरून फिरवायचा आणि त्यावरचे केस कल्चरला पाठवायचे. पॅरिसच्या रेमों साबुरो यांनी बुरशी वाढवण्यासाठी रूढ केलेले माध्यम प्रयोगशाळांत आजही वापरतात. उत्तर यायला दोन-तीन आठवडे लागू शकतात.

बाधित मांजराला नुसते मलम पुरत नाही, कारण बुरशी केसाच्या आत शिरलेली असते. पशुवैद्य वजन पाहून इट्राकोनाझोल देतात, बहुधा एक आठवडा द्यायचे, एक आठवडा थांबायचे, अशा क्रमाने. जोडीला आठवड्यातून दोनदा चुना-गंधकाच्या पाण्याने अंग भिजवायचे. घरभर सडक्या अंड्यांचा वास सुटतो, सोसावा. आजारी मांजर सहज पुसता येईल अशा खोलीत ठेवावे. पिल्लू असेल तर त्याच्याशी रोज खेळावे, कपडे बदलून. कोवळ्या वयात महिनाभर एकटे पडलेले पिल्लू पुढे माणसाला बुजते.

गळलेल्या केसांतले बीजाणू वर्षभरही टिकू शकतात. म्हणून आधी केस उचलायचे, मग साबणाने धुवायचे आणि शेवटी जंतुनाशक. हा क्रम उलटा केला तर जंतुनाशक वाया जाते.

घरातल्या माणसाला चट्टा उठला की मांजर पोत्यात घालून दूर सोडण्याची भाषा सुरू होते. भारतात सध्या फैलावलेले माणसांचे गजकर्ण मुख्यतः ट्रायकोफायटन बुरशीचे आहे आणि ते माणसाकडून माणसाला लागते. तेव्हा तपासणीआधी मांजराला दोषी ठरवू नये. दुकानातून आणलेले स्टेरॉइडमिश्रित मलमही लावू नये. त्याने लाली उतरते, बुरशी मात्र पसरत राहते.

मांजराचे केस पुन्हा उगवतात ते बुरशी जाण्याच्या आधी. कल्चर कोरे येईपर्यंत औषध चालू ठेवायचे असते.