डिंक थोडा, कार्ड झकास!

दोस्तांनो, दिवाळीसाठी आजीला स्वतःच्या हातानं शुभेच्छापत्र करायचं ठरतं. जपून पणती कापता, रंगवता, आणि शेवटी डिंकाचा एक ओघळ सगळ्यावर पाणी फिरवतो! झालंय ना असं?

दोष कागदाचा नाही. पांढऱ्या डिंकात पाणी असतं. ते शिरलं की कागदाचे तंतू फुगतात आणि सुरकुत्या पडतात. म्हणून डिंक कमी, ही पहिली युक्ती.

बाटली थेट कार्डावर पिळू नका. थोडा डिंक एखाद्या जुन्या झाकणात घ्या. पणती रद्दीवर उलटी ठेवा आणि ब्रशनं मधून कडेकडे पातळ थर द्या. कडेला दोन मिलिमीटर जागा कोरी सोडा. दाबल्यावर डिंक आपोआप तिथवर पसरतो. कार्डावर ठेवल्यावर वर कोरा कागद धरून मधून बाहेर बोट फिरवा. मग रात्रभर जाड पुस्तकाखाली ठेवा.

काम संपलं? बाटलीचं तोंड ओल्या फडक्यानं पुसा, झाकण घट्ट लावा, बाटली सावलीत उभी ठेवा. ब्रश लगेच धुवा; डिंक वाळला की ब्रश गेलाच!

मैद्याची खळही चालते, पण ती लवकर आंबते. लागेल तेवढीच करा. किडीसाठी खळीत मोरचूद घालायची जुनी रीत आहे; ते विषारी असतं, तुम्ही घालू नका.

आणि आईबाबा, तुम्ही फक्त रद्दी पसरून द्या बरं का! कार्ड थोडं वाकडं झालं, तरी आजी तेच जपून ठेवील.