फोनला रेंज का येत नाही?

मोबाइलच्या रेडिओ विभागात संकेताच्या दोन वाटा असतात. टॉवरकडून येणारा संकेत अँटेना, अँटेना स्विच आणि फिल्टर पार करून ट्रान्सीव्हर आयसीत पोहोचतो आणि तिथून बेसबँड प्रोसेसरकडे जातो. उलट वाटेवर पॉवर अँप्लिफायर, कारागिरांच्या बोलीत ‘पीए’, बसलेला असतो. दोन्ही वाटांवरच्या ताकदीत प्रचंड फरक आहे. येणारा संकेत उणे 100 डीबीएम असेल, तर तो एका मिलिवॅटचा हजार कोटीवा भाग भरतो. जीएसएम 900 वर जाणारा संकेत मात्र 2 वॅटपर्यंत चढतो. त्यामुळे नेमकी कोणती वाट तुटली, हे ठरवणे हेच दुरुस्तीतले निम्मे काम.

ते बोर्ड न उघडताही बरेचसे होते. आधी सिम दुसऱ्या फोनमध्ये घालून पाहतात. मग *#06# दाबतात. आयएमईआय दिसलाच नाही, तर दोष बहुधा सॉफ्टवेअर किंवा बेसबँडचा असतो, तिथे पीए बदलून काही साधत नाही. (अशा वेळी दुसराच क्रमांक भरून देणे हा गुन्हा आहे. दूरसंचार कायदा 2023 मध्ये त्यासाठी 3 वर्षांपर्यंत कैद, 50 लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्हींची तरतूद आहे.) क्रमांक दिसत असेल, तर सेटिंगमध्ये जाऊन नेटवर्क हाताने शोधावे. कंपन्यांची यादी आली, म्हणजे फोनला ऐकू येते. तरीही नोंदणी होत नसेल, तर संशय पीए आणि त्याच्या वीजपुरवठ्यावर. यादी रिकामीच राहिली, तर अँटेनापासून ट्रान्सीव्हरपर्यंतची वाट तपासायची.

पीएला दोषी ठरवण्याआधी बॅटरी पाहावी. जीएसएममध्ये फोन 4.615 मिलिसेकंदांच्या चक्राचा आठवा भागच प्रक्षेपण करतो, पण तेवढ्या क्षणात पीए 2 अँपिअरच्या आसपास करंट ओढू शकतो. थकलेली बॅटरी तिथे दबते आणि कॉल लावताच फोन बंद पडतो. बेंच सप्लायवर तोच फोन नीट चालला, तर बोर्ड निर्दोष आहे.

स्क्रीन बदलल्यानंतर रेंज गेली असेल, तर खालच्या बोर्डाकडे जाणारी बारीक कोअॅक्सिअल केबल आधी पाहावी. तिचे टिचभर बटण नीट बसलेले नसते किंवा तार चिमटलेली असते. शंका राहिली, तर बोर्डावरच्या अँटेनाच्या बिंदूला सुमारे 8 सेंटीमीटर तार टेकवतात. 900 मेगाहर्ट्झच्या तरंगलांबीचा हा चौथा हिस्सा. रेंज वाढली, तर बिघाड त्या बिंदूच्या पुढे, केबलमध्ये किंवा अँटेनात असतो.

पीए शॉर्ट झाला असेल, तर पॉवर बटण न दाबताही सप्लायचा काटा हलतो. बोर्डावर रोझिनचा धूर देऊन पांढरा थर बसवला, की तापणाऱ्या घटकावरचा थर सर्वांत आधी वितळतो आणि दोषी सापडतो. इतर ठिकाणी मल्टिमीटर डायोड मोडवर ठेवून चांगल्या बोर्डाशी रीडिंग ताडतात. हे न करता थेट हॉट एअर मारण्याची सवय घातक आहे. ड्राय सोल्डर काही दिवस धरते, शेजारचा धड आयसी मात्र कायमचा जातो.

बदललेला पीए त्याच क्रमांकाचा हवा, कारण त्यातले बँड मॉडेलगणिक बदलतात. काम झाल्यावर शील्ड आणि मागचे कव्हर बसवूनच चाचणी घ्यावी. बऱ्याच फोनमध्ये अँटेना कव्हरवर किंवा फ्रेममध्येच असते. 4जी आणि 2जी वेगवेगळे निवडून कॉल लावावेत, कारण त्यांच्या वाटा पुष्कळदा निराळ्या असतात.