जोमोन मडकी: ऐकीव आणि खरे

शेती आली, मग मडकी आली. शिकाऱ्याला मडक्याचे काय काम?
पश्चिम आशियात शेती आधी रुजली, भाजलेली भांडी नंतर आली. पाठ्यपुस्तकांनी हाच क्रम साऱ्या जगाला लावला. जपानात तो उलटा आहे. आओमोरी प्रांतात ओदाई यामामोतो येथे मिळालेल्या खापऱ्या सुमारे १६,००० वर्षांपूर्वीच्या. भातशेती आली ती इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकात. मधल्या साऱ्या काळात, म्हणजे जोमोन काळात, मडकी घडवली ती शिकार, मासेमारी करणाऱ्या आणि रानमेवा गोळा करणाऱ्या लोकांनी. आरंभीच्या जोमोन मडक्यांवरील करपलेल्या थरांची रासायनिक तपासणी २०१३ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाली. त्या थरांतील चरबीचे अंश बहुतांशी मासे आणि इतर जलचरांचे निघाले. काम होते ते हे!

जगातले पहिले मडके जपानचेच.
विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात असे म्हणायला आधार होता. माहिती तेव्हाची, दावा मात्र आजही तोच. चीनच्या जिआंगशी प्रांतातील शियानरेन गुहेतील खापऱ्या सुमारे २०,००० वर्षांपूर्वीच्या असल्याचे २०१२ मध्ये जाहीर झाले.

इतका गोल घाट चाकाशिवाय येत नाही.
येतो. कुंभार म्हटला की आपल्याला चाक आठवते, एवढेच. जोमोन मडकी मातीच्या वळ्या एकावर एक रचून, हातांनी सारखी करून घडवली जात आणि उघड्या आगीत भाजली जात. कुंभाराचे चाक आणि बंद भट्टी कोरियातून आली, इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या सुमारास.

ज्वालापात्रे पूजेचीच असणार. असल्या भांड्यात कोण रांधेल?
ज्वालापात्रे म्हणजे नीगाता प्रांतातील सुमारे ५,००० वर्षांपूर्वीची जोमोन भांडी. तोकामाची येथील सासायामा उत्खननात मिळालेल्या भांड्यांना १९९९ मध्ये राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा मिळाला. काठावर ज्वाळांसारखे उसळलेले कंगोरे, अंगभर मातीची वेटोळी; ढवळायला अडचण, उचलायला धोका. शंका रास्तच आहे, आणि संग्रहालयाच्या काचेआड ती अधिकच पटते. पण यांतल्या अनेक भांड्यांच्या आतल्या बाजूला करपलेले अन्न चिकटलेले आहे. म्हणजे ती विस्तवावर चढली होती. तो स्वयंपाक रोजचा की सणासमारंभाचा, यावर वाद घालता येईल. साधी भांडीही त्याच वस्त्यांत मिळत असल्याने दुसऱ्या शक्यतेला थोडे बळही मिळते. पण सणाचे झाले तरी ते शिजवलेले जेवणच.