शंकूंच्या वाटेवरची जुनी मियाटा

अमेरिकेतील हौशी मोटार क्रीडाप्रकारांमध्ये ऑटोक्रॉस हा कमी खर्चाचा आणि कमी धोक्याचा प्रकार समजला जातो, आणि रोजच्या वापरातली किंवा वापरातून निवृत्त झालेली जुनी गाडी घेऊन त्यात उतरता येते, हे त्याचे खरे आकर्षण आहे. जुन्या विमानतळाच्या काँक्रीटवर किंवा स्टेडियमच्या प्रशस्त पार्किंगमध्ये नारिंगी शंकू मांडून नागमोडी वाट आखली जाते. गाड्या पुरेसे अंतर राखून एकेक करून तिच्यावर सोडल्या जातात, त्यामुळे चाकाला चाक भिडण्याचा प्रश्न येत नाही, आणि सुरुवातीच्या व शेवटच्या रेषेवरचे प्रकाशकिरण गाडीने तोडले की घड्याळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत वेळ नोंदवते. एक फेरी साधारण मिनिटभराची असते, वेग ताशी १०० किलोमीटरच्या आसपास थांबतो, बहुतेक गाड्या ती फेरी दुसऱ्याच गिअरमध्ये पूर्ण करतात, आणि तरीही त्या मिनिटात चालकाला जितके निर्णय घ्यावे लागतात तितके घाटातल्या तासाभराच्या प्रवासातही घ्यावे लागत नाहीत.

महाराष्ट्रातील वाचकाला ऑटोक्रॉस म्हटले की मातीची वाट, धुरळा आणि उसळणाऱ्या जिप्सी आठवतील, कारण भारतात एफएमएससीआय या राष्ट्रीय संघटनेच्या नियमांखाली या नावाच्या स्पर्धा बहुधा मातीवरच होतात. अमेरिकेतील ऑटोक्रॉस मात्र डांबर आणि काँक्रीटचा खेळ आहे. १९४४ मध्ये स्थापन झालेला स्पोर्ट्‌स कार क्लब ऑफ अमेरिका तो ‘सोलो’ या नावाखाली चालवतो, त्याची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा १९७३ मध्ये सुरू झाली, आणि २००९ पासून ती नेब्रास्का राज्यातील लिंकन शहराजवळच्या, एके काळी हवाई दलाचा तळ असलेल्या काँक्रीटच्या पठारावर भरते. तेथे हजाराहून अधिक स्पर्धक येतात, प्रत्येकाला दोन दिवसांत दोन वेगवेगळ्या वाटांवर तीन-तीन फेऱ्या मिळतात, आणि दोन्ही दिवसांच्या सर्वोत्तम वेळांच्या बेरजेवर निकाल लागतो.

नियमांचा गाभा शंकूत आहे. प्रत्येक शंकूच्या बुडाभोवती खडूने चौकोन आखलेला असतो. शंकू आडवा पडला किंवा चौकोनाच्या पूर्ण बाहेर सरकला तर वेळेत दोन सेकंद मिळवले जातात, पण तो उभा असेल आणि त्याच्या बुडाचा काही भाग अजून रेषेला शिवत असेल तर दंड नाही. जिथे वर्गातील पहिला आणि दुसरा क्रमांक सेकंदाच्या दहाव्या भागाने ठरतो तिथे दोन सेकंद म्हणजे ती फेरी वाया गेल्यासारखीच, आणि म्हणूनच धीट चालक शंकूच्या इतक्या जवळून जातो की चौकोनाची रेषा पुसट होते, पण शंकू हलत नाही. हे शंकू उचलून जागेवर ठेवण्याचे काम स्पर्धकच करतात: एक गट गाडी चालवत असताना दुसरा गट झेंडा आणि वॉकीटॉकी घेऊन वाटेच्या कडेला उभा असतो. या व्यवस्थेमुळे खर्च वाचतो हे उघड आहे, पण त्याहून मोलाची गोष्ट अशी की नवखा माणूस तासभर एकाच वळणाशी उभा राहून, कोण कुठे ब्रेक लावतो आणि कोणाची गाडी पुढच्या चाकांवर घसरत वळणाबाहेर जाते, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहतो. फेऱ्या सुरू होण्याआधी वाट पायी चालून पाठ करण्याची मुभा असते आणि अनुभवी चालक नवख्याच्या शेजारी बसून त्याला शिकवतो. हौशी खेळाने शिक्षणाची इतकी उदार सोय करावी, ही खरोखर कौतुकाची बाब आहे.

अशा वाटेवर वर्षानुवर्षे हमखास दिसणारी जुनी गाडी म्हणजे माझ्दाची पहिल्या पिढीतील मियाटा. लहान, हलकी, उघडी, मागच्या चाकांच्या जोरावर चालणारी दोन आसनी गाडी काढावी ही कल्पना मोटार पत्रकार बॉब हॉल यांनी १९७९ मध्ये माझ्दाचे केनिची यामामोतो यांच्यापुढे मांडली होती. गाडी जगापुढे आली ती फेब्रुवारी १९८९ मध्ये, शिकागोच्या मोटार प्रदर्शनात. १.६ लिटरचे, ११६ अश्वशक्तीचे इंजिन आजच्या मानाने अगदीच माफक वाटते, परंतु तिचे वजन एक टनाच्या आत आहे, ते पुढच्या-मागच्या चाकांवर जवळजवळ निम्मे निम्मे विभागलेले आहे, आणि गिअरबॉक्स व मागचा डिफरन्शिअल ॲल्युमिनियमच्या एका लांब चौकटीने जोडलेले असल्यामुळे ॲक्सिलरेटर दाबताच चाकांपर्यंत जोर विनाविलंब पोहोचतो. चारही चाकांना दुहेरी आर्मचे सस्पेन्शन आहे, म्हणजे प्रत्येक चाक वर एक आणि खाली एक अशा दोन आडव्या आर्मनी धरलेले असते, त्यामुळे गाडी वळणावर कलली तरी टायर बराचसा जमिनीशी सपाट राहतो. १९९७ पर्यंत या पिढीच्या चार लाखांहून अधिक गाड्या बनल्या, म्हणूनच भंगाराच्या आवारापासून सुट्या भागांच्या दुकानापर्यंत सर्वत्र तिचे अवयव मिळत राहिले.

जुनी गाडी हाती आली की नवख्याच्या मनात पहिला विचार तिला बदलण्याचा येतो, आणि नेमक्या याच ठिकाणी सोलोचे नियमपुस्तक त्याची वाट अडवते. गाड्यांचे गट त्यांच्यातील बदलांवरून पडतात. ‘स्ट्रीट’ या सर्वांत साध्या गटात शॉक ॲब्सॉर्बर, ब्रेक पॅड, हवेच्या फिल्टरचा आतला भाग आणि सायलेन्सरचा मागचा टप्पा बदलता येतो. पुढचा किंवा मागचा, यांपैकी एकच अँटी-रोल बार, म्हणजे गाडीचा कल रोखणारा पिळाचा दांडा, बदलता येतो. टायर मात्र २०० किंवा त्याहून अधिक झीज-अंकाचे असावे लागतात, जेणेकरून केवळ शर्यतीसाठी बनवलेले मऊ रबर त्यात येऊ नये. स्प्रिंग मूळच्याच हव्यात. आधीच्या मालकाने दिसायला रुबाबदार म्हणून गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंग घातल्या असतील, तर ती गाडी आपोआप ‘स्ट्रीट टूरिंग’ गटात जाते, जिथे प्रतिस्पर्ध्यांनी रुंद चाके, बदललेली एक्झॉस्ट आणि काटेकोरपणे निवडलेल्या स्प्रिंग असा पूर्ण संच बसवलेला असतो. टर्बो बसवला तर ती त्याहूनही पुढच्या, जवळजवळ सर्व काही माफ असलेल्या गटात जाऊन पडते. अर्धवट बदललेली गाडी कोणत्याच गटात बसत नाही असे नाही, ती बसते, पण हरण्यासाठी बसते. म्हणून सुज्ञ नवखा मियाटा घेतल्यावर पहिले पैसे तिला कारखान्यातून निघाल्या अवस्थेकडे परत नेण्यात घालतो, आणि त्या वर्षीचे नियमपुस्तक वाचल्याशिवाय पाना हाती घेत नाही.

या परतीच्या वाटेवर सर्वांत हट्टी भाग आहे तो आठ बोल्टांचा. मियाटाच्या प्रत्येक खालच्या आर्मचा आतला सांधा दोन लांब बोल्टांवर फिरतो, आणि या बोल्टांच्या डोक्याशी केंद्रापासून सरकलेली एक गोल चकती असते. बोल्ट फिरवला की चकती कडांना टेकून सांध्याला आत किंवा बाहेर ढकलते आणि चाकाचा कोन बदलतो. अभियांत्रिकीच्या दृष्टीने ही योजना अत्यंत देखणी आहे, कारण एकही जादा तुकडा न घालता, केवळ पान्याने, चारही चाकांचे कोन स्वतंत्रपणे लावता येतात. पुढच्या चाकांचा कॅम्बर, म्हणजे समोरून पाहता चाकाचे वरचे टोक आत किंवा बाहेर झुकलेले असणे, ऑटोक्रॉसमध्ये निर्णायक ठरतो: वळणावर गाडीचा भार बाहेरच्या चाकावर येतो, टायर बाहेरच्या कडेवर घासू लागतो, आणि चाक आधीच आत झुकलेले असेल तर त्या क्षणी त्याचा पूर्ण पृष्ठभाग जमिनीला लागतो. स्ट्रीट गटात हे कोन मूळ समायोजनाच्या मर्यादेत हवे तसे लावण्याची मोकळीक आहे, म्हणूनच पुढे दीड अंशाच्या आसपास आतला झुकाव आणि पुढच्या चाकांची तोंडे किंचित बाहेर, एवढा बदल गाडीचे वागणे पालटून टाकतो, आणि त्याला खर्च येतो तो एका अलाइनमेंटचा.

खर्च एवढाच येतो, जर बोल्ट फिरले तर. अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांत हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकले जाते, आणि ते खारे पाणी तीन दशके या सांध्यांत मुरलेले असते. बोल्ट ज्या रबरी बुशमधून जातो त्याच्या मध्यभागी पोलादी नळी असते. गंजाने बोल्ट आणि नळी एकजीव होतात, आणि मग पाना फिरवला की बोल्ट सुटत नाही, रबर मात्र पिळवटते व पान्यावरचा जोर सुटताच चकतीला मूळ जागी आणते. गंज सोडवणारे तेल तिथवर पोहोचत नाही, उष्णता दिली तर रबर जळते, आणि अखेरीस आर्म आणि कंस यांच्यामधल्या अरुंद फटीत करवतीचे पाते घालून बोल्ट दोन्ही बाजूंनी कापावा लागतो, आर्म काढून दाबयंत्राने जुने बुश बाहेर ढकलावे लागते, आणि नवे बुश, नवा बोल्ट, नवी चकती बसवावी लागते. स्ट्रीट गटात हे बुश मूळच्यासारखेच रबरी हवे. टणक पॉलियुरेथेनचे घातले की गट बदलतो. नव्या बोल्टाला गंजरोधक ग्रीस फासले जाते, आणि त्याची शेवटची आवळणी गाडी चाकांवर, स्वतःच्या वजनाने बसलेली असताना करावी लागते. गाडी हवेत टांगलेली असताना तो आवळला तर जमिनीवर टेकताच रबर पिळले जाते आणि नवे बुश लवकर फाटते. असे आठ बोल्ट. ज्याने हे काम स्वतः, घराच्या गॅरेजमध्ये, हातांना खरचटून घेत पुरे केले आहे त्याला आपल्या गाडीची ओळख जितकी होते तितकी ती कोणत्याही महागड्या भागाने होत नाही, आणि या खेळाचा खरा प्रवेश येथूनच होतो असे म्हणणे अतिशयोक्तीचे नाही.

अडचणी मात्र येथे संपत नाहीत. १९९१ च्या मध्यापूर्वी बनलेल्या १.६ लिटरच्या इंजिनांत क्रँकशाफ्टचे पुढचे टोक आखूड होते. टायमिंग बेल्ट बदलताना मधला बोल्ट नीट आवळला गेला नाही तर तेथील पुली डुलू लागते, तिला जागेवर धरणारी छोटी चावी आणि तिची खाच झिजते, इंजिनाचा जोर हळूहळू ओसरतो, आणि दुरुस्ती म्हणजे अनेकदा अख्खे क्रँकशाफ्ट बदलणे ठरते. पुलीवर चार खाचा असतील तर टोक आखूड, आठ असतील तर लांब, ही खूण गाडी विकत घेण्याआधी तपासावी लागते. दिलासा एवढाच की बेल्ट तुटला तरी या इंजिनात पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळत नाहीत. त्याहून चिंतेची बाब पत्र्याची. कापडी छतावरचे पाणी आसनांमागील दोन नळ्यांतून खाली जाते. या नळ्या पाल्याने तुंबल्या की पाणी दाराखालच्या पोकळ तुळईत साठते आणि मागच्या चाकापुढे पत्रा आतून कुजतो, बाहेर रंगाला फोड येईपर्यंत कळतही नाही. अशा कुजलेल्या गाडीला कितीही चांगले शॉक ॲब्सॉर्बर बसवले तरी ते पैसे मातीत गेले.

माझ्दाने २०१७ मध्ये जपानमध्ये पहिल्या पिढीच्या मियाटांच्या पुनरुज्जीवनाची योजना जाहीर केली आणि काही जुने भाग पुन्हा बनवायला घेतले, ही या गाड्यांवर प्रेम करणाऱ्यांसाठी आनंदाची गोष्ट आहे. परंतु गाडी संग्राह्य ठरू लागली की तिच्या किमती वाढतात, आणि जी गाडी विद्यार्थ्यालाही परवडत होती ती त्याच्या हातून निसटते.

जागेचा प्रश्न याहून अवघड आहे. मोठी पार्किंग मैदाने इमारतींखाली जात आहेत, विमानतळ आपली रिकामी धावपट्टी द्यायला कचरतात, आणि जो जागामालक अजून परवानगी देतो तो आवाजाकडे आणि जमिनीवर पडणाऱ्या तेलाकडे बारकाईने पाहतो. पहिल्या मियाटाच्या इंजिनाच्या मागच्या टोकाला कॅमशाफ्टची स्थिती ओळखणारा सेन्सर असतो आणि त्याच्या भोवतीची रबरी रिंग वयाने कडक होते. तिथून झिरपणारे तेल गिअरबॉक्सच्या पुढच्या भागावरून ओघळत जमिनीवर थेंब टाकते आणि बहुतेकांना ती मोठ्या सीलची गळती वाटते. रिंग काही डॉलरची आहे, पण सेन्सर इंजिनाच्या आणि मागच्या पत्र्याच्या मध्ये अशा अडचणीत बसलेला आहे की त्याचा एकमेव बोल्ट सोडवायलाच संध्याकाळ जाते. स्पर्धेच्या सकाळी तपासनीस बॅटरी घट्ट बांधली आहे ना, चाकांच्या नटांना जोर आहे ना, बेअरिंग हलत नाही ना, ब्रेकचे पेडल टणक आहे ना हे पाहतो आणि मग वाकून गाडीखाली नजर टाकतो. तिथे ओला डाग दिसला तर गाडी फेरीला न सोडण्याचा अधिकार त्याला असतो, कारण तो डाग जागामालकाला दिसला तर पुढच्या हंगामात ते पार्किंग क्लबला मिळेलच असे नाही.